कृतज्ञतेची वही: प्रश्न हाताशी घेऊन सुरुवात कशी करायची

कृतज्ञतेची वही मी पहिल्यांदा सुरू केली ती नऊ दिवस चालली. पहिल्या दिवशी लिहिलं: घर, तब्येत, नोकरी. दुसऱ्या दिवशी: तब्येत, घर, मैत्रिणी. पाचव्या दिवसापर्यंत तेच शब्द जागा बदलून येत होते. हजेरी लावावी तसं लिहीत होते आणि आत काहीच हलत नव्हतं. वही ड्रॉवरमध्ये गेली. हे आपल्या स्वभावातलं नाही, असं मी ठरवून टाकलं.

पुढे दीड वर्षाने बाबा आजारी पडले. रुग्णालयात नातेवाइकांना बसायला जी जागा होती तिथे चालू स्थितीतला प्लग एकच. रात्री दोनच्या सुमारास माझा फोन बंद पडायला आला होता आणि प्लगला एका काकांचा फोन लागलेला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, स्वतःचा फोन काढला आणि हात पुढे केला. मी नको म्हणाले, तर म्हणाले, ‘तुम्हाला फोन यायचे असतील. माझी सगळी माणसं इथेच आहेत.’ हे विसरायला नको म्हणून मी रिपोर्टच्या पाकिटावर मागच्या बाजूला चार ओळी लिहून ठेवल्या. सकाळी त्या वाचल्या तेव्हा घसा दाटून आला. ‘घर, तब्येत, नोकरी’ वाचताना असं एकदाही झालं नव्हतं.

फरक कशाचा होता? नऊ दिवस मी विषय लिहिले होते. त्या रात्री एक घडलेली गोष्ट लिहिली होती. आणि त्या चार ओळी एका न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर होत्या: आज कोणी माझ्यासाठी स्वतःचं काय बाजूला ठेवलं?

तेव्हापासून मी कोऱ्या पानाकडे बघत बसत नाही. प्रश्न समोर ठेवते आणि त्याचं उत्तर लिहिते. अशा प्रश्नांना प्रॉम्प्ट म्हणतात. खालचं सगळं या पद्धतीने लिहिताना जे जमलं आणि जे फसलं त्यावरून लिहिलं आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांचे माझ्यासारखे नऊ दिवस वाया जाऊ नयेत, एवढीच इच्छा.

काय लागेल

- एक साधी वही. जाड, सुंदर, चामड्याच्या बांधणीची वही शक्यतो टाळा. तिच्यात ‘चांगलंच’ लिहावं असा दबाव येतो आणि हात आखडतो.
- वहीलाच अडकवलेलं पेन. पेन शोधायला उठलात की निम्म्या वेळा परत बसणं होत नाही.
- पाच-सहा प्रश्नांची एक चिठ्ठी, वहीच्या पहिल्या पानाला चिकटवलेली.
- दहा मिनिटं.
- वही ठेवायला अशी जागा जिथे दुसरं कोणी ती उघडणार नाही. याकडे बरेच जण दुर्लक्ष करतात. कोणीतरी वाचेल ही शंका आली की माणूस आपोआप सभ्य आणि खोटं लिहायला लागतो.

फोनवर लिहिलं तर चालतं का? चालतं. मी स्वतः कागदावर लिहिते, कारण फोन हातात घेतला की आधी आलेले मेसेज दिसतात आणि मग मन वहीत राहत नाही. पण हाताने लिहिणं ज्यांना त्रासाचं आहे त्यांनी बोलून रेकॉर्ड केलं तरी काही बिघडत नाही.

१. आधी तीन शब्द वेगळे करा

आपल्याकडे ‘कृतज्ञता’ म्हटलं की त्याला चिकटून दोन शब्द येतात, आणि त्या दोघांमुळेच पुष्कळ जणांना हा सराव नकोसा होतो.

पहिला शब्द ‘उपकार’. उपकार म्हटलं की ओझं आलं, फेड आली, ‘मी तुझ्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य आलं. वहीत लिहिताना जर छातीवर दडपण येत असेल, त्या माणसाला तोंड दाखवायला संकोच वाटत असेल, तर तुम्ही उपकारांचा हिशेब मांडताय. तो वेगळा विषय आहे.

दुसरा ‘मानून घेणं’. ‘आहे त्यात समाधान मान’ हे वाक्य आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ते गप्प बसवायलाच वापरलेलं असतं. कृतज्ञतेच्या वहीला तुमची तक्रार पुसायची नाही. पगार कमी असेल तर तो कमीच आहे. नात्यात त्रास असेल तर तो आहेच. वही फक्त एवढंच बघते की आज आणखी काय घडलं, जे त्रासाच्या आवाजात ऐकू आलं नाही.

हे दोन बाजूला केल्यावर जे उरतं ती कृतज्ञता: काहीतरी चांगलं माझ्यापर्यंत आलं, आणि ते येण्यामागे माझ्याशिवाय आणखी कोणीतरी किंवा काहीतरी होतं, याची जाणीव. आपलं मन वाईटाची नोंद चांगल्यापेक्षा ठळकपणे ठेवतं. रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये या विषयावरचं बरंच संशोधन एकत्र करून हेच दाखवलं होतं. म्हणून चांगल्याची नोंद मुद्दाम ठेवावी लागते.

२. लिहायची वेळ एखाद्या कामाला बांधा

‘रोज रात्री लिहीन’ असं ठरवू नका. रात्र फार मोठी असते. ‘अंथरूण घातलं की आधी वही उघडेन’ असं ठरवा. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा जर-तर संकल्पांवर बराच अभ्यास केला आहे. ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं नेमकं ठरवलं की नुसत्या इच्छेपेक्षा ते पार पडण्याची शक्यता वाढते.

माझं वाक्य असं आहे: ‘फोन चार्जिंगला लावला की वही उघडायची.’ त्या रात्रीच्या प्लगशी याचा संबंध आहे हे उघड आहे, पण कारण व्यावहारिकही आहे. फोन एकदा लावला की तो हातात नसतो.

तुमचं वाक्य आजच लिहून ठेवा, वहीच्या पहिल्याच ओळीवर.

३. पहिला आठवडा: एकच प्रश्न, सात रात्री

इथे बहुतेकांची गाडी चुकते. ३६५ प्रश्नांची यादी मिळते, रोज त्यातून आवडीचा प्रश्न शोधण्यात दहा मिनिटं जातात आणि लिहायचं राहून जातं. पहिल्या आठवड्यात निवड हा प्रकारच नको. सातही रात्री हा एकच प्रश्न:

*आज काय बरं झालं, आणि ते का झालं?*

अशा तीन गोष्टी लिहा. प्रत्येकीपुढे ‘का’ लिहायला विसरू नका, कारण सगळी मेख त्यातच आहे. ‘बस लगेच मिळाली’ एवढ्यावर थांबू नका. का मिळाली? ड्रायव्हरने मला धावताना आरशात पाहिलं आणि तो थांबला.

हा व्यायाम मी शोधलेला नाही. मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना एक आठवडा रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी आणि त्यांची कारणं लिहायला सांगितली होती. नवख्यांनी लक्षात ठेवावी अशी बाब म्हणजे, आठवडा संपल्या संपल्या फार फरक पडलेला नव्हता. महिन्याभराने तो दिसू लागला आणि सहा महिन्यांपर्यंत टिकला. ज्यांनी आठवड्यानंतरही आपणहून लिहिणं चालू ठेवलं, त्यांना जास्त फायदा झाला. तेव्हा सातव्या रात्री ‘मला काहीच वाटत नाही’ असं झालं तर घाबरू नका. ती वेळ अजून आलेली नाही.

४. वाक्याचा कर्ता शोधा

या लेखातलं एकच काही घ्यायचं असेल तर हे घ्या.

मराठीत आपण सहज बोलतो: रिपोर्ट वेळेत मिळाला. काम झालं. अडचण सुटली. गाडी दुरुस्त झाली. या वाक्यांत माणूसच नाही. मिळालं, झालं, सुटलं, आलं ही क्रियापदं सोयीची आहेत, पण ज्याने ते केलं तो त्यांच्यामागे लपतो. वहीत असं वाक्य आलं की त्याच्याखाली तेच वाक्य पुन्हा लिहा, आता ‘ने’ किंवा ‘नी’ लावून.

माझ्या वहीतलं एक पान जसंच्या तसं:

‘रिपोर्ट वेळेत मिळाला.’
‘लॅबमधल्या मुलीने रिपोर्ट वेळेत दिला.’
‘लॅबमधल्या मुलीने डबा उघडला होता. मला पाहून तिने झाकण परत लावलं, हात पुसले आणि रिपोर्ट शोधून दिला. पाच मिनिटं थांबा म्हणाली असती तरी मी थांबले असते.’

पहिलं वाक्य लिहिताना ती मुलगी मला आठवतही नव्हती. तिसऱ्या वाक्याला तिचे ओले हात दिसले. मला कृतज्ञता वाटली ती त्या झाकणापाशी. ‘मिळाला’ या शब्दापाशी ती नव्हती.

तिसरं वाक्य लिहिता येत नसेल तर स्वतःला एवढंच विचारा: तेव्हा मला काय दिसत होतं? त्या माणसाचे हात काय करत होते? दोन-तीन ओळींत ते दृश्य उतरवलं की झालं. भाषा सुंदर नसली तरी चालते. व्याकरण, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही.

५. दुसऱ्या आठवड्यापासून: प्रश्नांची चिठ्ठी

आता प्रश्न वाढवा. खालच्यांतले सगळे घेऊ नका. वाचताना ज्यांच्यापाशी मन अडखळेल असे पाच-सहा उतरवून घ्या, महिनाभर तेच वापरा, मग बदला.

*माणसांविषयी*

- आज कोणी माझ्यासाठी स्वतःचं काही बाजूला ठेवलं? वेळ, जागा, रांगेतला नंबर, झोप?
- मला न सांगता कोणी माझं काम हलकं केलं?
- आज मी जे अगदी सहज केलं, ते मला मुळात कोणी शिकवलं?
- माझी चूक दाखवताना कोणी माझा मान राखला?
- ज्याचं नाव मला माहीत नाही, अशा कोणाचं काम आज माझ्यापर्यंत पोहोचलं?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात जास्त लिहायला लावतो. नळाला पाणी आलं इथून सुरुवात केली की किती हात मागे लागतात ते बघा.

*वस्तू आणि शरीर*

- आज कुठली वस्तू बंद पडली असती तर दिवस अडला असता?
- आज माझ्या शरीराने न कुरकुरता काय केलं?
- आज कोणता आवाज ऐकून बरं वाटलं?

*‘नसतं तर’*

हा प्रकार थोडा वेगळा आहे, पण नेट लावून करावा असा. जे आहे त्याबद्दल लिहिण्याऐवजी, ते कसं होऊच शकलं नसतं ते लिहायचं. मिन्क्युंग कू, सारा अल्गो, टिमोथी विल्सन आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपैकी एकात काही लोकांना आपला जोडीदार कसा भेटला ते लिहायला सांगितलं, आणि काहींना तो कसा कधीच भेटला नसता ते. भेट हुकली असती असं लिहिणाऱ्यांना आपल्या नात्याबद्दल जास्त समाधान वाटलं. रोजच्या सवयीने जी माणसं भिंतीसारखी वाटायला लागतात, त्यांच्यासाठी हा प्रश्न आहे.

- माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीची आणि माझी भेट कुठे कुठे चुकू शकली असती?
- हे काम मला मिळालंच नसतं, असे कोणते तीन क्षण होते?
- कोणी एक वाक्य बोललं नसतं तर मी आज इथे नसते?

या प्रश्नाला वेळ द्या. मी माझ्या मैत्रिणीबद्दल लिहिलं तेव्हा कळलं की त्या दिवशी मी वर्गात शिरताना डावीकडे वळले असते तर आम्ही आयुष्यभर एकमेकींना फक्त तोंडओळखीने ओळखलं असतं. उजवीकडे का वळले? तिथला पंखा चालू होता.

*मागे वळून*

- पाच वर्षांपूर्वी ज्याची आस लागली होती, असं आज माझ्याकडे काय आहे?
- तेव्हा झोंबलेला कोणाचा ‘नाही’ आज बरा वाटतो? (हा प्रश्न जखम ताजी असताना घेऊ नका.)

*नुसती सुरुवात हवी असेल तेव्हा*

प्रश्नापेक्षा अर्धं वाक्य सोपं जातं अशीही रात्र असते. ‘मला वाटलं नव्हतं, पण आज…’, ‘कोणाच्या लक्षात आलं नसेल, पण…’, ‘घाईत राहून गेलं, खरं तर त्यांना सांगायला हवं होतं की…’ यांतलं एक लिहा आणि पेन थांबवू नका.

६. किती लिहायचं, किती वेळा

कमी लिहा. दहा-बारा गोष्टींची यादी करायचा अट्टाहास उलटू शकतो. नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांचा १९९१ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. तो कृतज्ञतेवरचा नाही, पण इथे लागू पडतो. काहींना आपण ठामपणे वागल्याची ६ उदाहरणं आठवायला सांगितली, काहींना १२. बारा उदाहरणांची यादी करणाऱ्यांकडे उदाहरणं जास्त होती, तरी त्यांनी स्वतःला कमी ठाम ठरवलं. कारण शेवटची उदाहरणं ओढूनताणून काढावी लागली आणि त्या ओढाताणीचाच अर्थ मनाने लावला. कृतज्ञतेतही अकरावी गोष्ट आठवत नाही म्हणून आयुष्यात काही नाही, असं वाटायला वेळ लागत नाही. एक गोष्ट, पण डोळ्यांसमोर उभी राहील अशी, पुरे.

किती वेळा याबद्दल मतं वेगवेगळी आहेत. रॉबर्ट एमन्स आणि मायकल मॅककलो यांच्या २००३ च्या अभ्यासात एका प्रयोगात विद्यार्थ्यांनी दहा आठवडे आठवड्यातून एकदा लिहिलं, जास्तीत जास्त पाच गोष्टी. कटकटींची यादी करणाऱ्या गटापेक्षा या गटाला आपलं आयुष्य अधिक बरं वाटलं आणि येणाऱ्या आठवड्याबद्दलही ते अधिक आशावादी होते. सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या एका सहा आठवड्यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना झाला नाही.

यावरून आणि स्वतःच्या अनुभवावरून माझा सल्ला असा: पहिला आठवडा रोज, म्हणजे वही हाताला लागते. त्यानंतर आठवड्यातला एक वार धरा आणि त्या दिवशी एका प्रश्नाला नीट दहा-पंधरा मिनिटं द्या. मधल्या दिवशी काही जाणवलं तर एक ओळ टिपून ठेवा, नाही जाणवलं तर वही उघडूच नका. रोज लिहिलंच पाहिजे असं म्हटलं की पुन्हा हजेरी सुरू होते.

७. वाईट दिवस

बाबा रुग्णालयात होते त्या दिवसांत मला कोणी ‘आज कशाबद्दल कृतज्ञ आहेस?’ असं विचारलं असतं तर मी उठून गेले असते. दिवस जड असतो तेव्हा हा प्रश्न क्रूर वाटतो. त्या दिवसांसाठी वेगळे, लहान प्रश्न ठेवा:

- आजच्या दिवसातला सगळ्यात कमी त्रासाचा तास कोणता होता?
- आज मला कोणाला फोन करावासा वाटला? (केला नसेल तरी चालेल.)
- आज काय टळलं?
- कोण काही न बोलता नुसतं बसून राहिलं?

आणि आधी त्रास लिहा. एक पान भरून राग, भीती, थकवा, जे असेल ते. त्यानंतर जागा उरली आणि मन झालं तर यांतला एक प्रश्न. क्रम उलटा करू नका. दुःखावर कृतज्ञतेचं झाकण ठेवलं की दुःख आतल्या आत नासतं.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. जो माणूस तुम्हाला दुखावतोय, घाबरवतोय, त्याच्याबद्दल कृतज्ञता शोधायची कोणतीही जबाबदारी तुमच्यावर नाही. ‘पण तो मधूनमधून चांगलं वागतो’ असं वहीत वारंवार येत असेल तर वही बंद करा आणि विश्वासातल्या कोणाशी तरी बोला.

तसंच, आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे जा. २७ अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०२१ मधल्या एका विश्लेषणात नैराश्य आणि चिंतेच्या लक्षणांवर कृतज्ञतेच्या व्यायामांचा परिणाम लहानच आढळला. वही ही उपचाराची जागा घेऊ शकत नाही, आणि वही लिहूनही बरं वाटत नसेल तर त्यात तुमचं काही चुकलेलं नसतं.

८. हमखास लागणारे सापळे

तुलनेची कृतज्ञता. ‘निदान त्यांच्यासारखं तरी माझं झालं नाही.’ लिहिताना दिलासा मिळतो, पण त्यासाठी दुसऱ्याचं दुःख वापरलेलं असतं, आणि उद्या आपल्यापेक्षा सुखी कोणी दिसलं की तोच तराजू उलटा फिरतो. असं वाक्य आलं तर खोडू नका, फक्त त्याच्याखाली लिहा: माझ्याकडे नेमकं काय आहे?

मोठ्या गोष्टींची वाट बघणं. बढती, निकाल, घर. या गोष्टी वर्षातून एक-दोनदा येतात. वही चालते ती झाकण परत लावणाऱ्या मुलीवर.

दाखवण्यासाठी लिहिणं. पानाचे फोटो काढून पाठवायला लागलात की दुसऱ्या दिवशी पान फोटोसाठी लिहिलं जातं.

नव्याची नवलाई. नऊ दिवसांनी उत्साह ओसरणार, हे गृहीत धरूनच सुरुवात करा. तेव्हा प्रश्न बदलायचा असतो, वही सोडायची नसते.

खंड पडला म्हणून पाटी टाकणं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी रोजच्या नव्या सवयी कशा लागतात याचा अभ्यास केला, तो २०१० मध्ये छापून आला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, काहींना १८ पुरले, तर काहींच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तेव्हा खंड पडला तर मधले दिवस भरून काढू नका. मागच्या तारखा टाकून लिहिलेली पानं सगळ्यात निर्जीव असतात. आजची तारीख घाला आणि पुढे चला.

९. एक नोंद वहीबाहेर न्या

महिना-दीड महिना झाला की वहीत एखादं नाव असं येईल ज्याला तुम्ही कधी धड सांगितलंच नाही. त्याला पत्र लिहा. तीन परिच्छेद पुरतात:

- तुम्ही नेमकं काय केलंत.
- तेव्हा माझी अवस्था काय होती.
- त्यामुळे आज माझ्या आयुष्यात काय आहे.

‘तुमचे आभार मानावे तेवढे थोडे’ असली वाक्यं गाळा. ती कोणालाही पाठवता येतात. शक्य असेल तर जाऊन वाचून दाखवा. सेलिग्मन यांच्या त्याच अभ्यासात पत्र लिहून ते त्या व्यक्तीला स्वतः नेऊन देणाऱ्यांचा आनंद लगेच आणि बराच वाढला. तो महिनाभर टिकला, पण तीन महिन्यांनी ओसरला होता. म्हणून पत्र हे वहीऐवजी नको, वहीच्या जोडीला हवं.

संकोच वाटेल. सगळ्यांनाच वाटतो. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये दाखवलं की पत्र लिहिणारे समोरच्याला किती अवघडल्यासारखं होईल याचा अंदाज जास्त लावतात, आणि त्याला किती आनंद होईल याचा कमी.

मी माझ्या शाळेतल्या गणिताच्या बाईंना लिहिलं. सहावीत मला फळ्यावर उत्तर येत नव्हतं, वर्ग हसायला लागला होता, आणि बाईंनी माझ्या हातातला खडू घेऊन ‘इथपर्यंत बरोबर आहे, पुढचं आपण दोघी करू’ असं म्हटलं होतं. पत्र मिळाल्यावर त्यांचा फोन आला. म्हणाल्या, ‘अगं, मला तर हे आठवतही नाही गं.’ आणि मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

१०. महिन्यातून एकदा मागे वाचा

नवीन काही लिहू नका, फक्त वाचा. हातात रंगीत पेन्सिल ठेवा. जी नावं पुन्हा पुन्हा येतात त्यांना गोल करा. मग जी यायला हवी होती आणि आलीच नाहीत ती आठवा. माझ्या पहिल्या तीन महिन्यांत माझ्या बहिणीचं नाव एकदाही नव्हतं, आणि बाबांच्या आजारपणात रोज घरून रुग्णालयात सगळं पोहोचवत होती ती तीच. इतक्या जवळची होती की दिसलीच नव्हती. त्या महिन्याचा ‘नसतं तर’ मी तिच्यावर लिहिला.

जी नोंद वाचून अजूनही काहीतरी हलतं, तिच्या शेजारी खूण करा. वही संपली की तेवढ्या नोंदी नव्या वहीच्या पहिल्या पानावर उतरवायच्या. रिपोर्टचं ते पाकीट मी असंच एका वहीतून दुसऱ्या वहीत आणते. ते आता घडीवर फाटायला आलंय, म्हणून मागून चिकटपट्टी लावली आहे. काकांचं नाव मी तेव्हा विचारलं नव्हतं. वहीत ते ‘प्लगजवळचे काका’ म्हणून आहेत.